पुण्याहून एका दिवसात देवलांचं गाव: सांगली-हरिपूर ट्रिप केली, पैसे वसूल झाले का?

आधीच सांगतो, ट्रिपवाल्यांचं नाव लिहिणार नाहीये. पोरं नवीन आहेत, नाटकवेडी आहेत, आणि खाली मी भरपूर कुरकुर केलीये, तेव्हा उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. ज्यांना जायचंय त्यांना शोधलं की सापडतील.

झालं असं की आईच्या वाढदिवसाला काय द्यायचं हा आमच्याकडे दरवर्षीचा घोळ. साडी नको, मोबाईल नको, बाहेर जेवायला नको कारण तिथे म्हणे आवाज फार असतो. वय चौऱ्याहत्तर. पण कॉलेजच्या गॅदरिंगला तिने नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'तली वल्लरी केली होती हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय, वल्लरी म्हणजे शारदेची मैत्रीण, मेन रोल नाही, पण आईच्या सांगण्यावरून तरी प्रयोग तिनेच तारला होता. त्यामुळे 'देवलांच्या गावात एक दिवस' अशी जाहिरात दिसल्यावर मी फार विचार न करता दोन सीटा बुक करून टाकल्या. दोघांचे ४,८०० रुपये, त्यात बस, नाश्ता, चहा, गाईड. दुपारचं जेवण आपापलं.

पहाटे पावणेपाचला नळ स्टॉपला उभे राहिलो. फेब्रुवारीचा शेवट, तरी कानटोपी लागली. बस चांगली होती, पुशबॅक वगैरे, एकूण सव्वीस माणसं आणि त्यातली निम्मी तरी पाऊणशे वयमानाच्या आसपासची, हा 'शारदा'तल्या म्हाताऱ्या नवरदेवाच्या पदावरचा जोक गाईडने बस सुटल्यासुटल्या केला आणि सगळ्यात मोठ्याने त्या पाऊणशेवाल्यांनाच हसू आलं. म्हणजे गर्दी बरोबर जमली होती.

नवले पुलापासून हायवेला लागलो तसा गाईड मुलाने माईक घेतला. माईक खरखरत होता, मागच्या चार रांगांना 'खर्रर्र अप्पासाहेब खर्रर्र' एवढंच ऐकू येत असणार. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो म्हणून बचावलो. मुलगा मात्र छान बोलतो. सांगलीच्या गादीवर चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन, १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून एक भागवत मंडळी येते, खेळ करते, राजेसाहेबांना आवडतं आणि ते आपल्याच पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगतात की असलं काहीतरी आपल्या भाषेत करून दाखव. भावे तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. पुढे काही नमुना नाही, लिहिलेलं मराठी नाटक असं काही हातात नाही, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो तो त्याच्यामुळे. हे बहुतेकांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते हे की त्या खेळात पाठ केलेले संवाद असे नव्हतेच, सूत्रधार पदं म्हणणार, आणि त्या त्या पात्राने प्रसंग बघून आपल्या मनाने बोलायचं. राक्षस आले की 'अलल् डुर्रर्र' करत आरडाओरडा करत यायचे, म्हणून पुढे लोक त्या नाटकांना अललडुर्र नाटकं म्हणायला लागले. हे सांगताना मुलाने माईक बाजूला ठेवून बसच्या मधल्या पॅसेजमधून खरंच राक्षस आणला. ड्रायव्हरने आरशात बघितलं. मागच्या चार रांगांना पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं.

मग खंबाटकी. घाटात एक ट्रक आडवा, सव्वा तास जागच्या जागी. यात कुणाचा दोष नाही, पण पुण्यातून साताऱ्याकडे जाणारं प्लॅनिंग करताना खंबाटकी हा पाहुणा धरूनच चालायचं असतं, आणि यांच्या टाइमटेबलमध्ये त्याला पाच मिनिटंसुद्धा दिलेली नव्हती. ह्या सव्वा तासाने पुढे अख्ख्या दिवसाची वाट लावली, ते सांगतोच. नाश्ता साताऱ्याच्या अलीकडे, मिसळ बरी, चहा पाणचट, आणि बायकांच्या टॉयलेटची अवस्था आईने बसमध्ये येऊन जेवढ्या शब्दांत सांगितली त्यातले निम्मे मला इथे लिहिता येणार नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून ट्रिप विकताय तर थांबा आधी स्वतः बघून ठरवा रे बाबांनो.

पेठ नाक्यावरून आत वळून आष्ट्यामार्गे सांगलीत शिरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ठरलेली वेळ दहा.

सांगलीतला भाग पळापळीचा झाला. गणपती मंदिर, म्हणजे कृष्णेकाठचं ते काळ्या दगडातलं, ते बांधलं याच अप्पासाहेबांनी, ज्यांनी भाव्यांना नाटक करायला लावलं, आणि ही जोडणी मुलाने छान करून दिली, की एकाच माणसाने गावाला गणपती पण दिला आणि नाटक पण. पण तिथे मिळाली वीस मिनिटं, त्यातली दहा चपला काढण्या-घालण्यात. मग बसमधूनच आयर्विन पूल, १९२९ चा, पुराच्या बातम्यांत 'आयर्विन पुलाजवळ पाणी अमुक फूट' असं ऐकतो ना, तोच. २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते ड्रायव्हरने हात बाहेर काढून दाखवलं, तो सांगलीचाच निघाला, आणि खरं सांगू का, ती दोन मिनिटं गाईडपेक्षा भारी होती.

भावे नाट्यमंदिरात आम्ही आत जाऊ शकलो नाही. ट्रिपवाल्यांनी आधी फोन करून विचारलंच नव्हतं, संध्याकाळच्या प्रयोगाचा सेट लागत होता, मग कोण कशाला आत सोडेल. बाहेर उभं राहून ऐकलं की दरवर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे पदक इथे देतात, रंगभूमीवरच्या मोठमोठ्या लोकांना मिळालंय. आणि भाव्यांची पुढची गोष्ट, ती मात्र मुलाने उन्हात उभं राहून सुद्धा घाई न करता सांगितली. १८५१ ला अप्पासाहेब गेले, आश्रय सुटला, डोक्यावर मंडळी पोसायचा भार, मग भावे गावोगाव निघाले, १८५३ ला मुंबईला तिकीट लावून खेळ केले. म्हणजे आपण जे बालगंधर्वच्या खिडकीवर रांग लावून तिकीट काढतो त्याचं मूळ कुठेतरी एका माणसाचा पगार बंद होण्यात आहे. भाव्यांनी लाकडी बाहुल्या पण केल्या होत्या, त्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा हलत्या-बोलत्या केल्या, हे आईला माहीत होतं, तिने ते मुलाच्या आधी सांगून टाकलं. मुलगा बिचारा 'बरोबर काकू' म्हणाला. दिवसभरात तो हे वाक्य बऱ्याचदा म्हणाला.

नाटककार कृ. प्र. खाडिलकर पण सांगलीचेच, जन्म १८७२. त्यांच्यावर यांनी फक्त बसमधली दहा मिनिटं खर्च केली, आणि हे मला पटलं नाही. 'कीचकवध' १९०७ चं, कीचकाच्या जागी लोकांना सरळ व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सरकारने १९१० ला बंदी घातली, पुढे १९११ ला 'मानापमान', केसरीचं संपादकपद, स्वतःचा 'नवाकाळ', अरे यावर अर्धा दिवस जाईल! असो. नाव 'देवलांच्या गावात' असं दिलंय म्हटल्यावर तक्रार करता येत नाही.

जेवायला बाजारपेठेतली एक साधी खानावळ. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, खर्डा, ताक, १६० रुपये. दिवसातली एकमेव गोष्ट जिच्याबद्दल सव्वीसच्या सव्वीस माणसं एकमताने बोलली.

आता हरिपूर. याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

सांगलीपासून चारेक किलोमीटर. गोविंद बल्लाळ देवल इथले, जन्म १८५५. कृष्णा आणि वारणा इथे मिळतात, काठावर संगमेश्वराचं देऊळ, खाली घाट. बस लांब थांबते, पुढे चालायचं. उतरल्यावर आमच्यातल्या एका काकांनी पहिला प्रश्न टाकला, देवलांचं घर कुठाय? मुलगा म्हणाला आपल्या ट्रिपमध्ये घर नाहीये. काकांचा चेहरा उतरला, आणि खरं तर माझाही. जाहिरातीत वाड्याचा फोटो होता की हो! तो वाडा कुठला असं विचारल्यावर 'प्रातिनिधिक' असं उत्तर आलं. हे चूक आहे. सरळ सरळ चूक आहे, फोटो बदला.

आणि त्या वेळी माझ्या डोक्यात मावसभावाचे फोटो होते. तो लंडनला असतो, मागच्या वर्षी स्ट्रॅटफर्डला जाऊन आला, हेन्ली स्ट्रीटवरचं शेक्सपिअरचं घर, १८४७ ला वर्गणी काढून विकत घेऊन जपलेलं, नदीकाठच्या चर्चमध्ये कबर, नदीलाच लागून थिएटर, तिकीट काढा, आत जा, पलंग बघा, बाहेर येताना कॉफीमग विकत घ्या. मला वाटलं होतं आपल्याकडे पण थोडंफार तसं असेल. आणि देवलांचं शेक्सपिअरशी नातं पण आहेच, 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'च, १८९० चं. तर मी घाटाच्या तोंडाशी उभा राहून मनात हिशोब करत होतो की ४,८०० रुपयांत आपल्याला एक देऊळ, एक पूल आणि एक बंद दार मिळालंय.

तेवढ्यात बाई आल्या. ट्रिपवाल्यांनी हरिपूरसाठी वेगळ्या गाईड ठरवल्यात, तिकडच्याच रिटायर्ड मराठीच्या शिक्षिका, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. सुती साडी, पायात फ्लोटर्स, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. आम्हाला पिंपळाच्या सावलीत बसवलं, आईला देवळाच्या ओट्यावर बसवलं ('तुम्ही पायऱ्या उतरू नका, खालच्या पायऱ्यांवर गाळ असतोय'), आणि माहिती वगैरे काही न सांगता झेरॉक्स वाटल्या. शारदेतला लग्नाचा दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि शारदेचा बाप कांचनभट यांचा प्रसंग. वाचा म्हणाल्या. कोण वाचणार? घर कुठाय विचारणारे काका कांचनभट झाले, एक सिंहगड रोडचा सीए भद्रेश्वर दीक्षित झाला. सुरुवातीला दोघं बँकेचा फॉर्म वाचल्यासारखं वाचत होते. बाईंनी थांबवलं, म्हणाल्या, अहो हा सौदा आहे, तुम्ही फ्लॅट घेताना बोलता तसं बोला. आणि सीएला काय झालं कोण जाणे, तो खरंच दलाल झाला, आवाज खाली, मान तिरकी, एक हात काकांच्या खांद्यावर. सगळे हसत होते, आणि हळूहळू हसणं थांबलं, कारण सौदा पोरीचा चाललाय हे कानावर पडायला लागलं.

मग बाई बोलल्या. आजच्या पोरांना वाचायला दिलं की ती म्हणतात हुंड्यावरचं नाटक आहे, पण इथे पैसा उलटा वाहतोय, मुलीचा बाप पैसे घेतोय. का? आणि मग एकेक धागा सोडवला. बायका बाळंतपणात मरायच्या, नवरा पुन्हा लग्न करायला मोकळा, बाई विधवा झाली की तिला मात्र पुनर्विवाह नाही. म्हणजे पन्नाशी-साठीच्या विधुराला त्याच्या वयाची बायको मिळणारच नाही, जातीतल्या पोरी आठ-दहा वर्षांच्या असतानाच उजवलेल्या, त्यामुळे जी लग्नाची राहिलीये ती पोर लहानच असणार, आणि अशा पोरीचा बाप गरीब आणि लोभी असेल तर बोली लागणार. 'भुजंगनाथ वाईट आहे म्हणून नाटक होत नाही, तो बाजारात उभा आहे म्हणून होतं', हे त्यांचं वाक्य (भुजंगनाथ म्हणजे शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा) मी तिथेच मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं. १८९९ चं नाटक. मी शाळेत त्यातलं एक पद पाठ केलं होतं आणि इतकी वर्षं ते 'म्हाताऱ्याची गंमत' म्हणून डोक्यात होतं.

भाषेवर पण बोलल्या. देवल बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी, नंतर त्यांच्याच मंडळीत नाटक बसवायला लागले, तालमी घेणारा माणूस असल्यामुळे नटाच्या तोंडात काय बसतं ते त्यांना माहीत. म्हणून वाक्यं छोटी, घरातली, आणि पदं दिंडी-साकीच्या चालीची, कुणीही म्हणावीत अशी. पुढचे लोक पल्लेदार लिहायला लागले, हे आपलं ओसरीवरचं. 'शारदा हरिपूरच्या पारावर बसून लिहिलं' असं गावात सांगतात, त्यावर बाई हसून म्हणाल्या, पारावर बसून लिहिलं की नाही देव जाणे, पण ऐकलं मात्र नक्की पारावरच.

हे ऐकल्यावर मला घर नसल्याचं वाईट वाटेनासं झालं. पलंग बघून काय मिळालं असतं? मात्र हेही तितकंच खरं की बाई नसत्या तर हरिपूर म्हणजे नदीकाठचं एक छान देऊळ, एवढंच. म्हणजे या ट्रिपमध्ये आपण पैसे देतो ते बाईंचे. बुकिंग करताना 'हरिपूरला बाई आहेत का' हे विचारून घ्या. नसतील तर तारीख बदला.

परत बसकडे जाताना वास आला. हळद. फेब्रुवारी म्हणजे काढणी आणि शिजवणीचे दिवस, ओल्या मातीत कोणी आलं किसल्यासारखा तो वास. बाईंच्या ओळखीच्या एका आजोबांनी आम्हाला त्यांच्या जागेतलं पेव दाखवलं. हे कार्यक्रमात नव्हतं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार, वरून तोंड एवढंसं, माणूस आत उतरेल इतपत, आणि खाली रांजणासारखं फुगत गेलेलं. हळद आत भरायची, वरून माती लिंपून टाकायची, वर्ष दोन वर्ष टिकते. सांगलीच्या हळदीच्या बाजाराचं अर्धं पोट या हरिपूरच्या जमिनीत होतं म्हणा ना. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. यांचं पण आता रिकामंच. मी वाकून टॉर्च मारायला गेलो तर आजोबा एकदम ओरडले, 'वाकू नगासा, आत वारं खराब असतंय.' उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही. कडेच्या मातीला अजून पिवळट झाक होती. बोट लावलं तर बोटाला काही आलं नाही, पण वास आला.

पाच वाजले. आणि मग मिरज रद्द झाल्याचं कळलं. जाहिरातीत मिरजेची सतारमेकर गल्ली होती, तंबोरे कसे बनतात ते बघायचं होतं, पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून, माझा निम्मा जीव त्यातच अडकला होता. सकाळचा तो सव्वा तास इथे वसूल झाला. समजू शकतो, पण रद्द करायचंच होतं तर गणपती मंदिरातून घाईघाईने हाकलत का आणलं? साडेअकरालाच सांगून टाकलं असतं तर सांगली तरी नीट बघितली असती. निर्णय घ्यायला उशीर, हा या लोकांचा मोठा प्रॉब्लेम वाटला.

परतीत सगळे पेंगले होते. मुलाने कराडच्या आसपास पुन्हा माईक घेतला आणि समारोप म्हणून सांगितलं की या नाटकाचा परिणाम इतका झाला की पुढे बालविवाहाविरुद्ध जो कायदा आला त्याला शारदा ॲक्ट हेच नाव दिलं गेलं. टाळ्या पडल्या. आई झोपलीये असं मला वाटत होतं. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, 'तो हरबिलास सारडांचा सारडा. अजमेरचे.' मुलगा म्हणाला काय काकू? मग तिने नीट उठून बसून सांगितलं, १९२९ चा कायदा, मांडणाऱ्या माणसाच्या आडनावावरून नाव पडलं, आपल्या शारदेचा त्याच्याशी नावापुरताही संबंध नाही, नुसता योगायोग. त्याने तिथेच फोनवर बघितलं आणि माईकवरूनच चूक कबूल केली. बरोबर काकू. यासाठी त्याला पूर्ण मार्क. पण हे लोक दर ट्रिपला हेच सांगत असणार ना इतके दिवस? कृपया स्क्रिप्ट एकदा बाईंना दाखवा.

नळ स्टॉपला पावणेबारा. पाच-साडेपाचशे किलोमीटर नाही म्हणत, पण जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर होतात आणि कंबरेला ते कळतं. एका दिवसाची ही ट्रिपच नाही खरं तर, एक मुक्काम टाका, हजार-दीड हजार जास्त घ्या, मिरज नीट दाखवा, खाडिलकरांना न्याय द्या. ज्यांना जमेल त्यांनी सरळ कोयना एक्सप्रेसने जाऊन सांगलीत राहावं. गुडघे दुखत असतील तर घाटाच्या पायऱ्यांचा नाद नको, धरायला कठडा नाही, वरच्या ओट्यावरून संगम दिसतो. टोपी, पाण्याची बाटली स्वतःची. भडंग सांगलीतच घ्या, हायवेवरच्या हॉटेलात तोच पुडा महाग.

पाचपैकी म्हणाल तर सांगलीला दोन, हरिपूरला पाच, टॉयलेटला शून्य. मिरजेचे पैसे परत मागितले तर पुढच्या ट्रिपला माणशी ३०० रुपये सूट देतो म्हणाले. मी नको म्हणणार होतो. आईने विचारलं, पुढच्या वेळी कांचनभटाच्या बायकोचं कोण वाचणारे?